दुष्फेन पाणी, १३० अंश आणि पहिल्या वर्षाची केमिस्ट्री

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्री असते, आणि ती कॉम्प्युटरवाल्यांच्याही वाट्याला येते, हे पुष्कळ मुलांना प्रवेश घेतल्यावरच कळतं. जेईईच्या वेळी एक तृतीयांश मार्क केमिस्ट्रीचे असतात, तेव्हा तिच्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. प्रवेश झाला की मात्र 'आता हिचं काय काम?' सुरू होतं. सीनियर मुलं सांगतात, पाच वर्षांचे पेपर बघ, पास हो आणि विसरून जा. काही शिक्षकही तेच सांगतात, फक्त जरा सभ्य शब्दांत.

मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाचा आणि माझा संबंध सुटला. पण यंदा नाताळ झाल्यावर आठवडाभर सुरतला मावशीकडे होते आणि मावसभावाची परीक्षा जानेवारीत होती. त्याला पाठांतर म्हणून दाखवायला समोर एक माणूस हवा होता, मला काही काम नव्हतं. त्याच्याबरोबर त्याचा एक वर्गमित्र यायचा. उधन्याला राहणारा, मूळ नंदुरबारकडचा, घरी अहिराणी बोलणारा. त्याची केमिस्ट्री पहिल्या वेळी राहिली होती. या खेपेला निघाली नाही तर कॉलेज सोडून कामाला लागायचं, असं त्याने मनाशी ठरवल्यासारखं दिसत होतं. या दोघांची वही मी साहित्याचं पुस्तक वाचतात तशी वाचली, म्हणजे शब्दांना अडखळत. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

पहिली अडखळ पहिल्याच शब्दाला. मराठीत अ‍ॅटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. गुजरातीत (आणि हिंदीतही) अ‍ॅटम म्हणजे परमाणू, आणि मॉलिक्यूल म्हणजे अणू! आता विचार करा. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तिथे शिकलेला मुलगा पुढे गुजराती मुलांच्या शेजारी बसतो. शिक्षक इंग्रजीतून शिकवतात आणि समजावताना मध्येच गुजरातीवर येतात. ते 'अणू' म्हणतात, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याचा आख्खा कण येतो आणि याच्या डोळ्यांसमोर नुसता हायड्रोजन. एकच शब्द, दोन अर्थ, आणि परीक्षेत उत्तर तिसऱ्याच भाषेत. मित्राने हे मला हसत हसत सांगितलं, पण सहा महिने त्याचा गोंधळ होत होता आणि त्याने तो कोणाला बोलून दाखवला नव्हता. संतांच्या वाङ्मयात अणुरेणू ही जोडी आपण बारीकपणाची खूण म्हणून वाचतो. दोघांत कोण लहान, कोण मोठा, हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता.

पुढचा धडा पाण्याचा. साबणाला फेस न येणाऱ्या पाण्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. 'दुष्फेन' हा शब्द मला फार आवडतो, कारण व्याख्या त्याच्या पोटातच आहे. बोलताना लोक याला 'जड पाणी' म्हणतात आणि तिथे पुन्हा घोटाळा होतो, कारण शास्त्रात जड पाणी म्हणजे हेवी वॉटर. हायड्रोजनच्या जागी त्याचा वजनदार भाऊ ड्यूटेरियम असलेलं पाणी. ते वापरणारं काक्रापारचं अणुऊर्जा केंद्र सुरतेच्या वरच्या अंगाला तापीच्याच खोऱ्यात आहे. थोडक्यात, बोअरचं जड पाणी वेगळं आणि काक्रापारचं जड पाणी वेगळं.

दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबण म्हणजे चरबीच्या आम्लाचा सोडियमचा क्षार. तो पाण्यात विरघळतो. पण पाण्यातलं कॅल्शियम सोडियमला बाजूला सारून त्याची जागा घेतं, आणि कॅल्शियमचा साबण विरघळत नाही. बादलीच्या कडेला बसणारा चिकट पांढरट थर तोच. हे कॅल्शियम किती आहे ते प्रयोगशाळेत ईडीटीए नावाच्या रसायनाने मोजतात. ईडीटीएचा एक रेणू धातूच्या एका आयनला सहा ठिकाणांहून पकडतो. अशा पकडीला 'कीलेट' म्हणतात, आणि तो शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ खेकड्याची नांगी. आम्हा वसईकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. चिंबोरीच्या डेंग्यात एकदा बोट सापडलेलं माणूस कीलेट कधी विसरत नाही.

प्रयोग असा. पाण्याचा नमुना कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचा, अमोनियाचं बफर टाकून पीएच १० च्या आसपास ठेवायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी या सूचकाचे थेंब टाकायचे. पाणी वाईनसारखं लालसर होतं, कारण सूचक पाण्यातल्या धातूला बिलगलेला असतो. मग वरून ब्युरेटमधून ईडीटीए थेंब थेंब सोडायचं. ते धातूला सूचकाच्या हातून हिसकावून घेतं. शेवटचा आयन पकडला गेला की सूचक मोकळा होतो आणि फ्लास्क एकदम निळा. दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये 'वाईन रेड' रंग कसा दिसतो हे मुलं प्रयोगशाळेत शिकतात, हा त्यांच्या वर्गातला जुना विनोद.

हिशेब तर त्याहून सोपा, पण तो सोपा का आहे हे कोणी सांगत नाही. पाण्याचा कठीणपणा नेहमी 'कॅल्शियम कार्बोनेट आहे असं समजून' लिहितात, कारण त्याचं रेणुभार १०० येतं आणि गणित तोंडी होतं. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ५० मिलिलिटर पाण्याला १५ मिलिलिटर ईडीटीए लागलं, तर ५० मिलिलिटरमध्ये १५ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ३००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे. मावसभावाच्या जर्नलमध्ये हा आकडा होता, खाली 'निष्कर्ष'ही होता. पण ३०० म्हणजे नक्की काय बिघडतं, ते नव्हतं.

ते मला मित्राच्या वडिलांकडून कळलं. सुरतेत मराठी माणूस किती आहे हे उधना, लिंबायत, डिंडोलीच्या बाजारात भाजी घ्यायला गेलं की समजतं. तापीच्या काठाने जळगावहून उधन्याला रेल्वे येते आणि धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच रुळांवरून इथे आली. नदीही त्यांच्याच गावांवरून वाहत येते. मित्राचे वडील पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये आहेत. सुरतेत रंगाई-छपाईच्या कारखान्याला सरसकट 'मिल'च म्हणतात. ते म्हणाले, "पाणी खराब असलं की कापडावर डाग येतात, रंग एकसारखा बसत नाही. आणि बॉयलरमध्ये पपडी धरते." ही पपडी म्हणजे पुस्तकातलं 'स्केल'. बायकार्बोनेट तापल्यावर त्याचं कार्बोनेट होऊन भांड्याला चिकटतं. उष्णता त्यातून नीट जात नाही, म्हणून कोळसा जास्त जळतो. पुस्तकात हा सगळा मजकूर आहे, चार गुणांसाठी 'स्केल आणि स्लज यांतला फरक' या मथळ्याखाली. मुलगा तो तक्ता पाठ करत होता आणि वडील आतल्या खोलीत जेवत होते.

खरी गंमत मात्र पॉलिमरच्या धड्यात आहे. मराठीत पॉलिमरला बहुवारिक म्हणतात, पण घरात, मिलमध्ये, वर्गात कोणी म्हणत नाही, तेव्हा मी पॉलिमरच म्हणते. सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचं शहर आहे. आपल्याकडच्या लग्नांत आहेरात फिरणाऱ्या त्या हलक्या, न चुरगळणाऱ्या साड्या घ्या. त्यांचा धागा बहुधा पॉलिएस्टरचा. हा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी बनवला. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल, दोघांनाही दोन्ही बाजूंनी हात. आम्लाचा हात अल्कोहोलच्या हातात गुंफला की एस्टर बंध तयार होतो आणि मधून पाण्याचा एक रेणू निसटतो. साखळी अशी वाढत जाते. पाण्याची बाटली आणि पॉलिएस्टरची साडी रसायनाच्या दृष्टीने एकच.

पण या धाग्याला पाणी आवडत नाही. सुती कापड पाणी पितं, त्याच्याबरोबर रंगही आत घेतं. पॉलिएस्टर घेत नाही. म्हणून त्याला रंगवायला पाण्यात जेमतेम विरघळणारे 'डिस्पर्स' रंग वापरतात. तरीही साध्या उकळत्या पाण्यात ते नीट आत शिरत नाहीत. मित्राच्या वडिलांनी सांगितलं, "जेट मशीन एकशे तीसला न्यायचं. त्याच्या खाली रंग धरतच नाही." जेट म्हणजे कापडाचा दोर आणि गरम रंगाचं पाणी दाबाखाली फिरवणारं बंद मशीन. १३० का? पाणी तर १०० ला उकळतं. घरच्या कुकरमध्ये दाबामुळे ते १२० च्या आसपास जातं. जेट म्हणजे त्याहून दांडगा कुकर.

या 'का'चं उत्तर मुलाच्या पुस्तकात 'ग्लास ट्रान्झिशन टेंपरेचर' या नावाने होतं. पॉलिमरच्या साखळ्या डब्यातल्या कोरड्या शेवयांसारख्या असतात, गुंतलेल्या आणि ताठ. एका ठराविक तापमानाखाली त्या जागच्या हलत नाहीत, आणि पदार्थ काचेसारखा वागतो. त्या तापमानाच्या वर साखळ्यांचे तुकडे वळवळायला लागतात, मध्ये क्षणभर फटी पडतात. पॉलिएस्टरसाठी हे तापमान ७० ते ८० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे ८० ला दार किलकिलं होतं, पण रंगाचे रेणू कामाच्या वेळेत आणि पुरेशा संख्येने आत जायला हवेत तर दार सताड उघडायला लागतं. म्हणून १३०. मग हळूहळू थंड करायचं. साखळ्या पुन्हा ताठ होतात आणि रंग आत कोंडला जातो. सुरती साडीचा रंग बादलीत उतरत नाही त्याचं कारण हे.

मी हे मित्राला वाचून दाखवलं तेव्हा तो पुस्तक हातात घेऊन बराच वेळ त्या आलेखाकडे बघत राहिला. त्याने तो आलेख चार वेळा काढला होता. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर आकारमान, मध्ये एक वाकडा कोपरा. तो कोपरा म्हणजे पप्पांचं मशीन, हे त्याला कुठेच लिहिलेलं दिसलं नव्हतं.

आणखी एक. सुरतेची जॉर्जेट रेशमासारखी मऊ पडते ती कशी? पॉलिएस्टर तसा राठ धागा. मिलमध्ये कापड गरम कॉस्टिक सोड्यातून काढतात. कॉस्टिक धाग्याच्या पृष्ठभागावरचे एस्टर बंध तोडतं, धागा बाहेरून झिजत बारीक होतो, कापडाचं दहा-वीस टक्के वजन जातं आणि ते सुळसुळीत पडतं. याला तिथे 'वेट रिडक्शन' म्हणतात. आता तेल आणि कॉस्टिक घेऊन साबण करताना काय होतं? तेलातले एस्टर बंध कॉस्टिक तोडतं. म्हणजे साबण बनवणं आणि साडी मऊ करणं ही एकच अभिक्रिया, दोन ठिकाणी. पाण्याच्या धड्यातला साबण पॉलिमरच्या धड्यातल्या साडीला इथे येऊन भेटतो. अभ्यासक्रमात मात्र दोघे वेगवेगळ्या युनिटमध्ये, आणि युनिट दोन 'ऑप्शनला टाकलं' तर भेट होतच नाही.

मिलची प्रयोगशाळा करून तिला सुंदर म्हणायचा माझा इरादा नाही. मित्राच्या वडिलांच्या मनगटावर कॉस्टिकचे जुने डाग आहेत. हातमोज्यांचा विषय निघाल्यावर ते नुसते हसले. जे कॉस्टिक एस्टर तोडतं ते कातडीलाही सोडत नाही, कारण कातडीतही चरबी आहे आणि चरबीत एस्टर. ही अभिक्रिया ते पुस्तकाशिवाय शिकले.

आता ज्याला सगळे शिव्या घालतात तो धडा. एआयसीटीईने २०१८ साली दिलेल्या नमुना अभ्यासक्रमात केमिस्ट्रीची सुरुवातच श्रोडिंजरच्या समीकरणाने आणि 'पेटीतला कण' या कोड्याने होते. एक इलेक्ट्रॉन, दोन भिंतींमध्ये कोंडलेला, त्याला ठराविकच ऊर्जा घेता येतात. पेटी जितकी लांब तितकं त्या ऊर्जांमधलं अंतर कमी. एवढंच. मुलं सूत्र पाठ करतात आणि पुढे जातात.

पण ही पेटी म्हणजे रंगाचा रेणू. ज्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंध असतात त्यात इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे असतात, म्हणजे रेणूची लांबी हीच पेटीची लांबी. लहान रेणू असेल तर ऊर्जेतलं अंतर मोठं, तो फक्त अतिनील किरण शोषतो, आपल्याला बिनरंगी दिसतो. रेणू लांबवत नेला की तो दिसणारा प्रकाश शोषू लागतो. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनमध्ये असे ११ दुहेरी बंध आहेत. ते निळा भाग गिळतं आणि उरलेला नारिंगी आपल्याला मिळतो. मिलमधल्या कित्येक रंगांच्या मधोमध नायट्रोजनची एक जोडी असते, तिला अ‍ॅझो म्हणतात, आणि ती दोन बाजूंच्या कड्यांना जोडून पेटी लांब करते. रेणूला एखादा गट जोडला की पिवळ्याचा लाल होऊ शकतो. मिलमध्ये 'शेड लागली नाही' म्हणून अख्खा लॉट परत येतो, त्या शेडचा उगम पहिल्या युनिटच्या पहिल्या सूत्रात आहे. साहित्यात आपण एका मात्रेने अर्थ बदलतो म्हणतो, त्यातलाच प्रकार.

जरीबद्दल थोडंच सांगते. सुरतेची जरी जुनी. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. हा मुलामा विजेने चढवणं म्हणजे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं युनिट. जितकी वीज तितका धातू, हे फॅरडेने १८३० च्या दशकात दाखवलं. हिऱ्यांचंही तसंच. जगातले बहुतेक हिरे या शहरात पैलू पडून जातात, आणि हिरा म्हणजे शेगडीतल्या कोळशासारखाच कार्बन, हे टेनंटने १७९७ साली हिरा जाळून सिद्ध केलं. एवढा महागडा प्रयोग आमच्या मावसभावाच्या कॉलेजात व्हायची शक्यता नाही.

हे सगळं शोधताना मला एक नाव भेटलं, ते सुरतेतल्या या दोन मुलांनी ऐकलं नव्हतं. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्म १८६३, सुरत. सुतार समाजातला हा मुलगा रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्याने बडोद्यात १८९० साली कलाभवन उभं राहिलं ते त्याच्या खटपटीने. तिथे रंगाई आणि रसायनतंत्र शिकवलं जाई, आणि गज्जरांचा आग्रह होता की हे शिक्षण कारागिराला त्याच्या भाषेत मिळालं पाहिजे. नुसता आग्रह धरून भागत नाही, शब्द लागतात, म्हणून शास्त्रीय परिभाषेच्या कामालाही त्यांनी हात घातला. आपले दादासाहेब फाळके या कलाभवनात शिकले. गज्जर पुढे मुंबईत आले, विल्सन कॉलेजात शिकवू लागले. १८९६ साली मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं, तेव्हा संगमरवराला धक्का न लावता तो डाग काढून दाखवला तो गज्जरांनी. डांबर फासणाऱ्यांत चापेकर होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांना डांबर माहीत असतं, ते कसं निघालं हे माहीत नसतं.

कारागिराच्या भाषेत रसायन, ही गोष्ट सुरतेच्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी मनावर घेतली होती. आज त्याच शहरात रंगाऱ्याचा मुलगा अणू की परमाणू यात अडकून नापास होतो, आणि त्याला वाटतं की आपल्या डोक्यातच केमिस्ट्री नाही. मला याचा राग येतो. इंग्रजीतून शिकू नये असं मी म्हणत नाही, मी स्वतः निम्मा वेळ इंग्रजीतच विचार करते. पण १३० अंशांच्या आलेखाखाली 'जेट' हा एक शब्द छापायला कुठल्या भाषेचा अडसर आहे?

निघायच्या आदल्या दिवशी मित्राच्या वडिलांनीच मुलाला प्रश्न घातला. गडद रंगाचा लॉट काढल्यावर जेटच्या आतल्या बाजूला आणि कापडावरही कधी कधी पांढरी पूड बसते. ती रंगाची नाही, क्षाराचीही नाही. मग कुठून येते? वहीत उत्तर नव्हतं. दोघांनी बराच वेळ खटपट केली. पॉलिएस्टर बनताना सगळ्याच साखळ्या लांब होत नाहीत, काही तीन-तीन दुव्यांची कडी होऊन बंद होतात आणि धाग्यातच अडकून राहतात. १३० ला रंग आत जातो तेव्हा या कड्या बाहेर येतात, आणि पाणी थंड झालं की पूड होऊन बसतात. हे मुलाने वडिलांना अहिराणीत सांगितलं, 'ट्रायमर' आणि 'एस्टर' तेवढे इंग्रजीत. वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पाणी गरम असतानाच सोडून दिलं तर पूड बसणार नाही?" मुलगा म्हणाला, कमी बसेल, पण कापडाला घड्या पडतील. "ते आम्हाला माहीत आहे," वडील म्हणाले, आणि रात्रपाळीला जायला उठले.